चिक चॉकलेट: तबकडीवर नाव नसलेला ट्रंपेट

१/ माजलगाव असो वा अंबाजोगाई, वरात निघाली की बँडमधला ट्रंपेट सर्वांत आधी कानी पडतो. हे वाद्य आपल्याकडे मुख्यतः लष्करी बँडांतून आले. त्याला जॅझचा डौल दिला तो मुंबईतील गोवेकर वादकांनी. त्यांपैकी एकाचा हा परिचय.

२/ आंतोनियो शावियेर वाझ यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील हळदोणे गावी झाला. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. या शिक्षणामुळे गोव्यातील कितीतरी तरुण कागदावरचे संगीत सहज वाचू शकत. रोजगारासाठी ते मुंबईस येत, तेव्हा हीच विद्या त्यांची शिदोरी असे.

३/ त्याच सुमारास मुंबईत जॅझ रुजत होता. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड आले. अमेरिकेत वर्णभेद सोसणाऱ्या या कलावंतांकडून गोवेकर वादकांनी नवी लय आत्मसात केली.

४/ वाझ यांचा आदर्श लुई आर्मस्ट्राँग. ट्रंपेट तसाच, गाण्याचा खरखरीत स्वरही तसाच. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते विख्यात झाले आणि लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. १९४० च्या दशकात त्यांनी आपल्या बँडसह जॅझच्या तबकड्याही ध्वनिमुद्रित केल्या.

५/ स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील रात्रीच्या मैफलींना ओहोटी लागली. चित्रपटांना मात्र मोठे वाद्यवृंद हवे होते. दिवसा स्टुडिओ आणि रात्री हॉटेल, असा अनेक वादकांचा दिनक्रम झाला.

६/ येथे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील एक माणूस या कथेत येतो. नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र. त्यांना पाश्चात्त्य ठेक्यांची विलक्षण ओढ होती आणि त्या ठेक्यांचा जाणकार त्यांना चिक यांच्या रूपाने लाभला.

७/ १९५१ साली मास्टर भगवान यांचा ‘अलबेला’ आला. त्यातील एका नृत्यगीतात झालरींच्या बाह्यांचे सदरे घालून चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. एरवी पडद्याआड राहणाऱ्या वादकांचे असे दर्शन दुर्मीळच.

८/ त्या काळचे ध्वनिमुद्रण समजून घेतले पाहिजे. संगीतकार चाल बांधी. तिच्याभोवतीचे सुरावटींचे नक्षीकाम संयोजक स्वरलिपीत उतरवी. गायक आणि सारा वाद्यवृंद एकाच वेळी गात-वाजवीत. एकाचा स्वर चुकला तर सर्वांना पुन्हा आरंभ करावा लागे. सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीत ट्रंपेटच्या वाट्याला काही क्षण येत, आणि तेवढ्यातच आपली ओळख उमटवावी लागे.

९/ तबकडीच्या कागदी चकतीवर चित्रपट, गायक आणि संगीतकार यांची नावे छापली जात. वादकांची नावे बहुधा नसत. चिक यांच्या आधीच्या जॅझ तबकड्या त्यांच्याच नावावर निघाल्या, पण त्या ऐकणारा वर्ग मोजका होता. चित्रपटगीतांतील त्यांचा स्वर खेड्यापाड्यांत पोहोचला, परंतु नाव मागेच राहिले.

१०/ पुढे त्यांनी मदनमोहन यांच्याकडेही काम केले. १९६७ साली, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

११/ संगीताचा इतिहास केवळ छापील नावांवरून लिहिला, तर त्यातून असे शेकडो वादक गळून पडतात. त्यांच्या बाबतीत ध्वनिमुद्रण हेच अस्सल साधन होय. शिलालेख वाचावा तितक्या काळजीने ‘अलबेला’ची गाणी ऐका, विशेषतः दोन कडव्यांमधील जागा. चिक चॉकलेट यांची स्वाक्षरी तेथे आहे.