शहरदर्शनाची मोटार

शहर पाहणें म्हणजे तें ऐकणेंही होय, हें जपान्यांनीं फार लवकर ओळखलें. १९२८ सालींच बेप्पु येथें ऊन पाण्याचे झरे दाखविणाऱ्या मोटारींत स्त्री-मार्गदर्शक पद्यांत माहिती सांगूं लागल्या. टोकियो तर १९४५ च्या बाँबवर्षावांत जळालें. तरी १९४९ च्या मार्चांत उएनो, राजवाड्यापुढील पटांगण, असाकुसा असा नियमित फेरा तेथें सुरू झाला. त्या कंपनीचें नांव पुढें ‘हातो’, म्हणजे पारवा, असें पडलें. राखेंतल्या शहरानें परक्यास आपलें घर दाखवावें, हें धैर्य मला त्या राजवाड्याहून मोठें वाटतें.

मुंबईंत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धांवली; दुमजली गाडी १९३७ सालीं आली. बिनछपराची ‘नीलांबरी’ ही तिचीच लेक. तिच्या माडीवरून बोरीबंदरची रोषणाई दिसे. सोनाळ्याचीं आमचीं मुलें शेगांवास आगगाडी धरून त्याच इमारतींत उतरतात. पण ती स्टीव्हन्सनें रचली व १८८७ सालीं खुली झाली, हें त्यांस सांगणारें कोणी भेटत नाहीं. दिवे तेवढे लक्षांत राहतात! जुन्या डिझेलच्या दुमजली गाड्या सप्टेंबर २०२३ मध्यें थांबल्या. विजेवरच्या त्याच वर्षीं फेब्रुवारींत आल्या होत्या.