सारेगमप लिटिल चॅम्प्स

‘झी मराठी’ या खाजगी दूरचित्रवाणी वाहिनीवरील बालगायकांचा स्पर्धात्मक संगीत-कार्यक्रम. त्याचे पहिले पर्व २००८-०९ मध्ये प्रक्षेपित झाले. काही महिन्यांतच संपलेल्या या पर्वामुळे नाट्यसंगीत, अभंग, भावगीत, लावणी इ. जुने गानप्रकार नव्या पिढीच्या कंठातून घरोघरी पोहोचले. त्याचबरोबर मुलांच्या कलेची जाहीर स्पर्धा कोणत्या मर्यादेत व्हावी, हा प्रश्नही पुढे आला.

पार्श्वभूमी : मुंबई दूरदर्शन केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. त्यावरील ‘किलबिल’ या कार्यक्रमाने मुलांना दूरचित्रवाणीवर स्थान दिले. १९९५ मध्ये ‘झी टीव्ही’वर ‘सा रे ग म’ ही हिंदी गायनस्पर्धा सुरू झाली. तिचे आरंभीचे निवेदक सोनू निगम होते. तिच्या मुलांसाठीच्या विशेष स्पर्धेतून श्रेया घोषाल प्रकाशात आल्या. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘अल्फा मराठी’ वाहिनीला २००५ मध्ये ‘झी मराठी’ हे नाव मिळाले. हीच स्पर्धा मराठीतही आली.

स्वरूप : पहिल्या पर्वाचे निवेदन पल्लवी जोशी यांनी केले. अवधूत गुप्ते व वैशाली सामंत हे परीक्षक होते; वाद्यवृंदाचे संयोजन कमलेश भडकमकर यांच्याकडे होते. परीक्षकांच्या गुणांना प्रेक्षकांच्या भ्रमणध्वनी-संदेशांची जोड असे. त्यामुळे गायनाच्या गुणवत्तेबरोबरच लोकप्रियताही निर्णायक ठरे.

अंतिम फेरीत कार्तिकी गायकवाड (आळंदी), आर्या आंबेकर (पुणे), प्रथमेश लघाटे (आरवली, जि. रत्नागिरी), मुग्धा वैशंपायन (अलिबाग) व रोहित राऊत (लातूर) हे पाच स्पर्धक होते. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजयी ठरली. तथापि ‘पंचरत्न’ ही उपाधी पाचही जणांना मिळाली आणि लोकस्मृतीत विजेत्यापेक्षा हा समूहच अधिक टिकला. कार्तिकीच्या गायनाला वडील कल्याणजी गायकवाड यांच्या शिकवणुकीचा पाया होता. प्रथमेशची ओढ नाट्यसंगीताकडे, तर रोहितची आधुनिक चित्रपटगीतांकडे होती. महानगराबाहेरील मुलांना मिळालेले हे व्यासपीठ या पर्वाचे महत्त्वाचे वैशिष्ट्य होय.

बालकलावंत व कायदा : दीर्घ चित्रीकरण, शाळेतील खंड व जाहीर बाद होण्याचा ताण हे अशा सर्वच स्पर्धांतील दोष होत. हे पर्व झाले, तेव्हा त्यांसंबंधी नेमके नियम नव्हते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०१०-११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने बालकलावंतांना अटींवर मुभा दिली. २०१७ च्या नियमांनुसार मुलाचे काम दिवसात पाच तासांपेक्षा व विश्रांतीविना तीन तासांपेक्षा अधिक असू नये; त्याच्या मिळकतीपैकी किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव म्हणून ठेवावी लागते.

फलित : पाचही गायक पुढे संगीतक्षेत्रातच राहिले. आर्या आंबेकर यांनी ‘ती सध्या काय करते’ (२०१७) या चित्रपटात भूमिका केली. रोहित राऊत हिंदी ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात (२०१९-२०) उपविजेते ठरले. २०२१ च्या ‘लिटिल चॅम्प्स’ पर्वात हे पाचही जण परीक्षकांच्या आसनांवर होते. स्पर्धेतील यश क्षणिक असले, तरी त्यामागील तालीम दीर्घकाळ उपयोगी पडते, याचे हे उदाहरण होय.