घाटातली नावं

मुंबईला जाणारी रेल्वे खंडाळा सोडते आणि डब्यात खिडकीशी गर्दी होते. बोगदा संपला की दरी दिसते, पावसाळा असेल तर धबधबे दिसतात. आपणही पटकन मोबाइल काढतो. याच बोरघाटाचे फोटो एका बाईनं दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी काढले होते. तिचं नाव ॲलिस ट्रेडवेल.

घाटातला लोहमार्ग बांधायला १८५६ साली सुरुवात झाली. पहिल्या ठेकेदारानं काम अर्ध्यावर सोडलं. १८५९ मध्ये ॲलिसचा नवरा सॉलोमन ट्रेडवेल ठेका घेऊन इंग्लंडहून आला आणि थोड्याच आठवड्यांत आजारानं गेला. परक्या मुलखात विधवा झालेली ही बाई माघारी फिरली नाही. ठेका तिनं आपल्याकडे ठेवला. रोजच्या कामावर दोन अनुभवी इंजिनिअर नेमले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट सुरू झाला. सुमारे २५ किलोमीटरची चढण आणि २५ बोगदे!

हे काम चालू असताना ॲलिस फोटो काढत होती. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे मोठी पेटी आणि तिपाई. एकेका फोटोला फार खटाटोप. तिच्या फोटोंत कापलेले कडे दिसतात, दगडी पूल दिसतात. तिचा अल्बम आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवला आहे.

पण मैत्रिणींनो, घाट फोडला कोणी? १८६१ साली तिथं चाळीस हजारांवर मजूर राबत होते. कुटुंबंच्या कुटुंबं कामावर असत. पुरुष सुरुंग लावत, खडक फोडत. बाया डोक्यावरून माती-दगड वाहत. पटकीनं, तापानं, दरडीखाली कितीतरी माणसं दगावली. ॲलिसचं नाव कागदावर होतं, म्हणून आज आपण ते घेतो. टोपली उचलणारीचं नाव कोणी लिहिलं नाही, म्हणून ते पुसलं गेलं.

आम्ही हे वाचलं आणि आमच्या गटाचे जुने फोटो काढून बसलो. बंधाऱ्याच्या श्रमदानाचा एक फोटो होता. नदी ओळखू आली, बंधारा ओळखू आला, पण मागच्या रांगेतल्या दोघी कोण, ते कोणालाच सांगता येईना. काम तर त्यांनीही आमच्याइतकंच केलं होतं.

तेव्हापासून आम्ही एक रीत ठेवली आहे. गटाचा फोटो निघाला की तारीख, जागा आणि प्रत्येकीचं पूर्ण नाव त्याच दिवशी वहीत लिहायचं. तुम्हीही लिहा.