उपभोगसंस्कृती आणि समकालीन मराठी कथेतील पात्रे

उपभोगसंस्कृती : गरजेपेक्षा प्रतिष्ठेसाठी, हौसेसाठी किंवा शेजाऱ्याच्या बरोबरीसाठी वस्तू घेण्याची आणि माणसाची किंमत त्या वस्तूंवरून ठरवण्याची सामाजिक सवय. बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत तिला सर्रास चंगळवाद म्हणतात. मराठी कथा-कादंबरीतल्या पात्रांवर तिचा परिणाम गेल्या तीसेक वर्षांत ठळकपणे दिसतो. मात्र हे चित्रण एकाच अंगाने झाले आहे. वस्तू विकत घेणारा माणूस मराठी कथेत जागोजागी भेटतो, ती वस्तू कारखान्यात जोडणारा मात्र क्वचितच. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातले कारेगाव, म्हणजे रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीचा परिसर, डोळ्यांपुढे ठेवले की ही उणीव लगेच ध्यानात येते.

युरोपीय कादंबरीत उधारीवर हौस भागवणारे पात्र जुने आहे. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’मधली (१८५७) एमा कापडाच्या व्यापाऱ्याच्या उधारीत बुडते. जॉर्ज पेरेकच्या १९६५ सालच्या ‘ले शोझ’मधले तरुण जोडपे बाजारपाहणीची कामे करून पोट भरते आणि देखण्या घराची स्वप्ने रंगवते. महाराष्ट्रात साठच्या दशकाचा तो काळ टंचाईचा होता. रेशनची रांग होती, स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’तला (१९६४) धोंडो भिकाजी जोशी हा कारकून नव्या फॅशनींमागे फरपटत जातो, तेव्हा वाचकाला हसू येते, पगार तेवढाच आणि जमाना मात्र पुढे पळतो आहे, एवढीच त्यातली गंमत. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्यात वडिलांचे पैसे उडवतो, आणि त्या खर्चाचा हिशेब बापलेकांच्या नात्यात घुसतो. भाऊ पाध्ये यांच्या ‘वैतागवाडी’त तर मुंबईत राहायला जागा मिळवणे हीच सगळ्यात महागडी हौस ठरते.

खेड्यात नव्या युगाची ठळक वस्तू म्हणून आला तो ट्रॅक्टर. आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’त (१९७१) मालक ट्रॅक्टर आणतो आणि गडी असलेल्या नारबाची जनावरे एकेक करून जातात; यंत्र दुसऱ्याच्या पैशाने येते, उखडला जातो तो नारबा. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकात (१९८५) ट्रॅक्टर वाड्यापुढे नुसता गंजत पडलेला असतो. त्याच घरातली रंजू सिनेमाच्या वेडापायी दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तरांबरोबर पळून जाते. नाटक असले तरी त्याची नोंद इथे घ्यावी लागते, कारण पुढच्या कादंबऱ्यांनी जे पसरून सांगितले ते त्यात आधीच आवळून आलेले आहे.

१९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि १९९१च्या आर्थिक धोरणाने बाजार खुला झाला. त्यानंतर ‘मिळत नाही’ ही अडचण संपून ‘परवडत नाही’ ही अडचण सुरू झाली. पात्रांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. टंचाईतला माणूस सरकारला शिव्या देऊन मोकळा होत असे. खुल्या बाजारातल्या माणसाला स्वतःचीच लाज वाटू लागते. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’चा (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) नायक एकनाथ एम. ए., बी. एड. झालेला आहे. नोकरीसाठी शिक्षणसंस्थेला द्यायला लागणारी रक्कम घरात नाही, शेती पुरत नाही. पगारदार नवऱ्याच्या संसाराची ओढ असलेली त्याची बायको अलका त्या घरात रुजत नाही. या कादंबरीचे मोठेपण असे की तिच्यात दुकान फारसे दिसत नाही, तरी बाजार प्रत्येक भांडणात असतो.

अलकेसारख्या पात्रांवर मराठी समीक्षेने बहुधा अन्याय केला आहे. ग्रामीण कथेत फ्रिज, मिक्सर किंवा गॅसची शेगडी मागणारी सून सहसा घर बुडवायला आलेली असते; मोटारसायकल घेणारा मुलगा मात्र बिचारा परिस्थितीचा बळी ठरतो. पाटा-वरवंटा सुटणे ही चंगळ कोणाच्या दृष्टीने, हे कथाकारांनी विचारायला हवे होते. वस्तूच्या मोहाचा दोष बाईच्या माथी मारण्याची ही रीत नव्या लेखकांमध्येही पुरती गेलेली नाही.

शहरी चित्रणात जयंत पवार यांचे स्थान वेगळे. मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातले (१९९७) गिरणी कामगाराचे कुटुंब त्या संपानंतर मोडत जाते. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ (साहित्य अकादमी पुरस्कार २०१२) या कथासंग्रहात गिरणगावाची पुढची अवस्था येते. लोअर परळची फिनिक्स मिल बंद पडून तिथे मॉल झाला, हे मुंबईकर रोज पाहत होते. पण कापड विणणाऱ्याच्या मुलाने त्याच आवारात चकचकीत काचेपलीकडचे कपडे बघणे याला पवारांसारख्यांनी कथेत जागा दिली. कारखानदारीतला माणूस आणि ग्राहक एकाच घरात राहतात, हे मराठीत इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे क्वचितच आले आहे.

पगारदार, वातानुकूलित मुंबई गणेश मतकरी यांच्या ‘खिडक्या अर्ध्या उघड्या’मध्ये (२०१४) आहे. श्याम मनोहर यांच्या कादंबऱ्यांत सोयींनी गुरफटलेली, पण जाणून घेण्याची भूक मेलेली मध्यमवर्गीय घरे आहेत. प्रणव सखदेव यांच्या ‘९६ मेट्रोमॉल’ने मॉललाच अद्भुतकथेची भूमी केले. बालाजी सुतार यांच्या ‘दोन शतकांच्या सांध्यावरच्या नोंदी’ आणि किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ (साहित्य अकादमी पुरस्कार २०२१) हे संग्रह गाव सोडू पाहणाऱ्या पिढीचे आहेत. या सगळ्यांत ब्रँडची नावे पानोपानी पेरून काळ दाखवण्याचा सोपा मार्ग न घेणाऱ्या कथा जास्त टिकतील असे दिसते. फोनच्या मॉडेलचे नाव वाचकाला दहा वर्षांनी काहीच सांगत नाही. त्याचा हप्ता कोणी भरला, हे सांगते.

कारेगाव : पुणे-अहिल्यानगर महामार्गावर, शिरूरच्या अलीकडे, अष्टविनायकांपैकी महागणपतीच्या रांजणगावाशेजारी. इथल्या वसाहतीत व्हर्लपूल आणि एलजी यांचे कारखाने आहेत. फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतल्या कारखान्यात मोटारी तयार होतात. मराठी कथेतल्या सुनेने मागितलेला फ्रिज इथे जोडला गेला असण्याची शक्यता बरीच आहे. अशा पट्ट्यात दोन पात्रे कथाकाराची वाट पाहत उभी आहेत.

पहिले जमीनमालकाचे. सातबाऱ्यावरची जमीन संपादनात किंवा प्लॉटिंगमध्ये गेली, मोबदला आला, दारात स्कॉर्पिओ उभी राहिली, उरलेल्या गुंठ्यांवर भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उठल्या. पुणे परिसरात याला ‘गुंठामंत्री’ म्हणतात. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या चित्रपटाने जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीकडे कसा वळतो हे दाखवले. सिनेमाला बंदूक लागते. भाडे गोळा करत, लेकाच्या लग्नाच्या पंगती उठवत हळूहळू पैसा संपवणारा खोलीमालक हा खरा कादंबरीचा ऐवज आहे, आणि संख्येनेही तोच जास्त.

दुसरे पात्र त्याच खोलीतला भाडेकरू. मराठवाडा-विदर्भातून किंवा उत्तरेतून आलेला, आयटीआय किंवा बारावी झालेला, कंपनीत ‘लागलेला’ पण कायम न झालेला. खोलीत चार जण. फर्स्ट शिफ्टचा उठला की थर्ड शिफ्टचा त्याच गादीवर आडवा होतो. भिंतीवर खिळ्याला युनिफॉर्म, कोपऱ्यात माठ, खिडकीत चार्जिंगला लावलेले चार फोन. ओटी (ओव्हरटाइम) मिळाली तर गावाकडे पैसे जातात आणि फोनचा हप्ताही सुटतो. काही महिन्यांनी ठेकेदार कामातून ब्रेक देतो, मग शेजारच्या कंपनीच्या गेटवर पुन्हा नाव नोंदवायचे. ज्या वस्तूचे दार तो पाळीभर बसवतो, तिची दुकानातली किंमत त्याला पाठ असते; गावाकडे बहिणीच्या लग्नात रुखवतात ती द्यायची म्हणून तो पैसे साठवतो. एकनाथने ज्या नोकरीसाठी जन्म घालवला तिची ही उतरलेली आवृत्ती हप्त्यांवर चालते, आणि एकनाथाची कादंबरी लिहून आता वीस वर्षे उलटून गेली आहेत.