आजीवन विमा कीं मुदतीचा विमा?

आयुष्याचा विमा उतरावा कीं नाहीं, हा प्रश्न आतां फारसा कोणी विचारीत नाहीं. तो कोणत्या जातीचा उतरावा, येथें मात्र पुष्कळांची गल्लत होते. एका जातींत ठराविक मुदतीपुरतीच जोखीम असते. त्या मुदतींत मृत्यु आला तर वारसांस रक्कम मिळते. मुदत सुखरूप संपली तर व्यवहारही संपतो. दुसऱ्या जातीस आजीवन विमा म्हणतात. त्यांत जोखीम जन्मभराची असून रक्कम केव्हां ना केव्हां मिळावयाचीच असते. पहिल्याचा हप्ता थोडा, दुसऱ्याचा त्याच्या कितीतरी पट. सोलापूर जिल्ह्यांतील माढा तालुक्यासारख्या, पावसाच्या लहरीवर चालणाऱ्या मुलुखांतील कुटुंब डोळ्यांपुढें ठेवून या दोहोंचा इतिहास पाहिला, तर निवडीची खरी कसोटी हातीं लागते.

दोहोंपैकीं मुदतीचा विमा वयानें वडील आहे. १५८३ सालीं लंडनमध्यें विल्यम गिबन्स नांवाच्या गृहस्थाच्या आयुष्यावर बारा महिन्यांचा विमा उतरण्यांत आला, आणि वर्ष पुरें होण्यापूर्वींच तो वारला. जोखीम पत्करणाऱ्या व्यापाऱ्यांनीं युक्तिवाद केला कीं, महिना अठ्ठावीस दिवसांचा धरावा, म्हणजे बारा महिने आधींच उलटून गेले! न्यायालयानें हें म्हणणें मानलें नाहीं व रक्कम द्यावयास लावली. मुदतीच्या विम्यांत एकेक दिवस मोजलेला असतो, हें या पहिल्याच खटल्यानें दाखवून दिलें.

असा विमा पुनःपुन्हां नवा करावा लागे, आणि वय वाढेल तसतसा हप्ताही चढत जाई. तरुणपणीं स्वस्त मिळणारी वस्तु उतारवयांत परवडेनाशी होई. जेम्स डॉडसन या इंग्रज गणितज्ञास वय अधिक झालें म्हणून एका जुन्या विमा-मंडळानें नाकारलें, तेव्हां त्यानें या अडचणीचा विचार केला. एडमंड हॅली या ज्योतिर्विदानें १६९३ सालीं मृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचें कोष्टक केलें होतें. त्याच मार्गानें जाऊन डॉडसननें जन्मभर एकसारखा राहणारा हप्ता गणितानें बसविला. तो १७५७ मध्यें वारला. १७६२ सालीं निघालेल्या इक्विटेबल सोसायटीनें ती पद्धति चालू केली. तरुणपणीं जोखमीच्या मानानें जास्त पैसा घ्यावयाचा, तो व्याजीं लावावयाचा, आणि उतारवयांतील तूट त्यांतून भरून काढावयाची, अशी ही योजना. आजीवन विम्याचा हप्ता मोठा कां, याचें उत्तर येथें आहे. त्यांत जोखमीच्या किंमतीबरोबर बचतही मिसळलेली असते.

परंतु यांतूनच एक नवा प्रश्न उत्पन्न झाला. पंधरा वर्षें हप्ते भरून एखाद्याचा हात आंखडला, तर ती सांठलेली बचत कोणाची? पुष्कळ कंपन्या ती गिळंकृत करीत. १८४४ सालीं एलिझर राइट या अमेरिकन गृहस्थानें लंडनच्या रॉयल एक्स्चेंजमध्यें, हप्ता भरण्यास असमर्थ झालेल्या वृद्धांच्या पॉलिसींचा लिलाव पाहिला. राइट हा गुलामगिरीचा कट्टा विरोधक. त्याला तेथें गुलामांच्या बाजाराचीच आठवण झाली. त्याच्या खटपटीनें १८६१ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत कायदा झाला कीं, हप्ता थांबला तरी बचतीचा चारपंचमांश भाग विमेदाराच्याच कामीं यावा आणि त्यांतून मुदतीचा विमा चालू रहावा. म्हणजे मोडलेल्या आजीवन विम्याला आधार द्यावयास अखेर मुदतीचाच विमा धांवून आला.

आपल्याकडे कलकत्त्यास १८१८ मध्यें विमा कंपनी निघाली, तरी हिंदी माणसांकडून पुढें बरींच वर्षें जादा हप्ता घेतला जाई. तो भेद मुंबईच्या बॉम्बे म्युच्युअल सोसायटीनें १८७० नंतर मोडला. १ फेब्रुवारी १८८४ रोजीं टपाल खात्याचा विमा सुरू झाला, आणि १९१३ सालीं अण्णासाहेब चिरमुले यांनीं साताऱ्यास वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुअरन्स कंपनी काढली. सतत तीन वर्षें हप्ते भरल्यावर पॉलिसीला परतीचें मूल्य असलेंच पाहिजे, हें तत्त्व १९३८ च्या विमा कायद्यानें आपल्याकडे पक्कें केलें. पुढें १९५६ सालीं २४५ विमा कंपन्या व मंडळें एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें.

आतां माढ्याकडे वळूं. भीमा आणि सीना या नद्यांच्या मधला हा तालुका. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. शेतकऱ्याचा विमा म्हणजे त्याची जमीन, बैल आणि बायकोच्या अंगावरचे दागिने. आणि कर्ता पुरुष गेला कीं सावकाराची दृष्टि प्रथम त्यांवरच जाई. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा ज्या चार जिल्ह्यांस प्रथम लागू झाला, त्यांत पुणें, सातारा व अहमदनगर यांच्या जोडीला सोलापूरही होतें. जी जमीन स्पष्टपणें गहाण दिलेली नाहीं ती साध्या कर्जापायीं विकूं नये, असें त्यानें ठरविलें. जमिनीपुरतें हें झालें. विम्याच्या रकमेला तसेंच कुंपण विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्यांत होतें. बायकोमुलांच्या हितार्थ म्हणून उतरलेल्या विम्यावर नवऱ्याच्या सावकाराचा हक्क पोहोंचत नाहीं. मात्र सावकारांस बुडविण्याच्या हेतूनें हप्ते भरलेले नसावेत. आमच्या इकडील हिंदु-मुसलमानांस ही सवलत १ एप्रिल १९२३ पासून मिळाली. ती दोन्हीं जातींच्या विम्यांस सारखीच लागू आहे. परंतु अर्ज करतांनाच तसें लिहून द्यावें लागतें.

आज माढ्यांतील शेतकऱ्यापुढें या दोन्हीं वाटा गांवाच्या आसपासच उघड्या आहेत. बँकेंत २०१५ सालीं सुरू झालेली प्रधानमंत्री जीवनज्योति विमा योजना हा निव्वळ मुदतीचा विमा होय. वर्षाला ४३६ रुपये, म्हणजे रोज रुपयाहून थोडें अधिक, आणि मृत्यु आल्यास वारसांस दोन लाख रुपये. पन्नाशीपर्यंत त्यांत शिरतां येतें. पंचावन्नाव्या वर्षीं तो संपतो. टपाल कचेरींत १९९५ पासून ग्रामीण डाक विमा मिळतो. त्यांतील ग्राम सुरक्षा हा आजीवन विमा असून, ऐंशीव्या वर्षीं किंवा तत्पूर्वीं मृत्यु आल्यास तेव्हां, बोनससह रक्कम मिळते. तीन वर्षांनंतर तो परत करतां येतो व चार वर्षांनंतर त्यावर कर्जही मिळतें.

कसोटी अशी कीं, विमा चांगल्या वर्षावरून न निवडतां वाईट वर्षावरून निवडावा. उजनीचें धरण याच तालुक्यांत झालें, ऊसही आला. तथापि सगळ्या शिवारांना पाणी पोहोंचलें नाहीं, आणि पाऊस चुकण्याचा थांबलेला नाहीं. ज्याच्या घरीं लहान मुलें आहेत आणि ज्याची कमाई ज्वारीच्या कणसावर अवलंबून आहे, त्यानें मुलें हाताशीं येईपर्यंतच्या वर्षांसाठीं मुदतीचा विमा आधीं पुरेसा उतरावा. दुष्काळांतही ज्याचा हप्ता निभेल, तेवढाच आजीवन विमा त्यावर घ्यावा. कुर्डुवाडीच्या रेल्वेंतील नोकर किंवा शाळेंतील शिक्षक यांचा पगार महिन्याला ठरलेला. त्यांस आजीवन विमा अधिक पेलतो. ज्या घरीं एखादें अपत्य जन्मभर परावलंबी रहावयाचें आहे, तेथें तर पंचावन्नाव्या वर्षीं संपणारा विमा पुरा पडणारच नाहीं.

स्वस्त विम्यालाही एक खोंच आहे. बँकेंतील योजनेचा हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यांतून वळता होतो, आणि नेमका त्याच सुमारास रब्बीचा पैसा सरून पेरणीची जुळवाजुळव चालू असते. खात्यांत शिल्लक नसेल तर विमा तुटतो. पुन्हां सामील झाल्यास पहिले तीस दिवस अपघाताखेरीज अन्य मृत्यूची भरपाई नाहीं. यास्तव ज्वारी विकली जाईल तेव्हांच ४३६ रुपये बाजूला काढून ठेवावेत. आणि कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वीं एजंटास दोन प्रश्न अवश्य विचारावेत: हप्ता चुकला तर माझ्या हातीं काय राहील, आणि हा विमा माझ्या कोणत्या वयापर्यंत चालेल?