इंजिन कुठे टांगायचं?

मे महिना उजाडला की आपल्या मिडवेस्टात पिकअप ट्रकच्या मागे चकचकीत, चपट्या बोटी दिसायला लागतात. मागच्या बाजूला दीडशे-अडीचशे हॉर्सपॉवरचं भलंमोठं इंजिन. ही बास-बोट. बास म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातला मासा. (गोड्या पाण्याचा मासा म्हटलं की आपले कोकणी लोक नाक मुरडतात, पण ते असो!) या बोटींचे मालक शनिवारची सकाळ इंजिन पाव-अर्धा इंच वर-खाली करण्यात घालवतात. बघणाऱ्याला हे खूळ वाटतं, पण त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात झाली आपल्या शेजारच्या मिलवॉकीत.

ओले एव्हिनरूड १८७७ साली नॉर्वेत जन्मला आणि पाच वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर विस्कॉन्सिनला आला. शाळा थोडी, हात मात्र यंत्रात. असं सांगतात की १९०६च्या उन्हाळ्यात ओकाची लेकवर सहल होती. बेस नावाच्या मैत्रिणीला आइस्क्रीम हवं झालं म्हणून तो अडीच मैल वल्हवत गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं. गोष्टीला थोडं मीठ-मसाला लागला असेल. पुढे तिच्याशीच त्याचं लग्न झालं आणि १९०९मध्ये त्याची इंजिनं विकायला आली. दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड, किंमतही ६२ डॉलर. बोटीला बाहेरून लावायचं इंजिन त्याच्याआधी डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने केलं होतं, तेव्हा 'पहिला' म्हणण्याची घाई नको. पण धंदा उभा राहिला तो बेसमुळे. हिशेब तिचे, पत्रव्यवहार तिचा, जाहिरातीचा मजकूरही तिचाच. तिची तब्येत ढासळली म्हणून १९१४मध्ये ओलेने आपला वाटा विकला. काही वर्षांनी दोघांनी पुन्हा अॅल्युमिनियमचं हलकं, दोन सिलिंडरचं इंजिन घेऊन नवी कंपनी काढली. इतिहासात नाव राहिलं ते नवऱ्याचं.

या सगळ्या काळात इंजिन कुठे टांगायचं हा प्रश्न कुणाला फारसा पडला नाही. बोटीच्या मागच्या फळीवर ठेवा, स्क्रू आवळा, निघा. १९४८ साली लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या होम्स थर्मंडने 'स्कीटर' बांधली, तिला पहिली बास-बोट मानतात. तीही गरीब बिचारी प्लायवुडची होती.

खरा बदल घडवला अलाबामाच्या रे स्कॉट या विमा एजंटने. जून १९६७मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर त्याने शंभर डॉलर प्रवेश फी ठेवून स्पर्धा भरवली. १०६ जण आले. पुढच्याच वर्षी त्याने बास मासेमारांची संघटना काढली आणि त्याच वर्षी आर्कान्सातच फॉरेस्ट वूडने 'रेंजर' बोटींचा कारखाना सुरू केला. आता मासे वजनावर आणि वेळ घड्याळावर. ठरलेल्या वेळेला परतायचं, म्हणजे प्रवासात गेलेला प्रत्येक मिनिट मासेमारीतून वजा! वेगाचं वेड इथून आलं. १९७२पासून मासे जिवंत परत सोडण्याची प्रथा आली आणि बोटीत पाण्याची टाकी आवश्यक झाली. तीस गॅलन पाणी म्हणजे अडीचशे पौंड, त्यावर बॅटऱ्या, पेट्रोल. इतकं वजन मागे घेऊन बोट उचलायची कशी?

नुसतं मोठं इंजिन लावून भागेना. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती बोटीच्या तळाच्या रेषेत ठेवायची, हा जुना नियम. पण इंजिनचा जेवढा भाग पाण्यात, तेवढा अडथळा. इंजिन वर घ्यावं तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतंच भणाणतं आणि बोट जागची हलत नाही. शर्यतवाल्यांना ठाऊक असलेली युक्ती मग मासेमारांनी उचलली. जॅक प्लेट लावून इंजिन फळीपासून सहा ते बारा इंच मागे न्यायचं. धावत्या बोटीच्या तळाखालून सुटलेलं पाणी मागे थोडं वर चढतं, म्हणून तिथे इंजिनही वर घेता येतं. मेकॅनिक लोकांचा ठोकताळा असा, की एक फूट मागे गेलं तर साधारण एक इंच वर. मात्र इंजिन थंड ठेवणारं पाणी ज्या भोकांतून आत जातं तीही वर येतात. त्यामुळे पाण्याच्या दाबाचा काटा न पाहता इंच वाढवणारा माणूस इंजिन जाळून बसतो.

मग पंख्याची पिच. २४ इंच पिच म्हणजे घट्ट माध्यमात एका फेऱ्यात २४ इंच पुढे. पाण्यात अर्थातच थोडं घसरतं. पिच एक इंच कमी केली की इंजिनचे फेरे मिनिटाला दीडशे-दोनशेने वाढतात. कंपनीने सांगितलेल्या पट्ट्यात, समजा पाच ते सहा हजारांत, पूर्ण वेगाला इंजिन बसलं पाहिजे, आणि तेही नेहमीचं सामान आणि जोडीदार घेऊन. रिकाम्या बोटीत काढलेला आकडा फक्त फुशारकीला. जाणकार एका वेळी एकच गोष्ट बदलतात आणि वहीत लिहून ठेवतात. ही विद्या कारखान्यापेक्षा अशा वह्यांतूनच वाढली, असं माझं मत.

या वेगाला दुसरी बाजू आहे. नाक जास्त वर उचललं की बोट डावी-उजवीकडे डोलायला लागते आणि नवखा माणूस बाहेर फेकला जातो. सुकाणूवरचा माणूस पडला तर इंजिन बंद करणारी दोरी आता बहुतेक छोट्या मोटरबोटींवर लावणं भाग आहे. १ एप्रिल २०२१पासून तसा अमेरिकेचा कायदाच आहे. बोट भाड्याने घेऊन मुलांना फिरवणाऱ्या आपल्या मंडळींनी ती मनगटाला किंवा जॅकेटला अडकवावी, फोटो नंतर काढावेत.

ओले-बेसच्या वारशातली मोठी कंपनी डिसेंबर २०००मध्ये दिवाळखोरीत गेली, कॅनडाच्या बॉम्बार्डिएने ती इंजिनं पुढे काही वर्षं बनवली आणि मे २०२०मध्ये एव्हिनरूड नावाचं उत्पादन थांबलं. जुनी इंजिनं मात्र अजून तलावांवर दिसतात, काही जॅक प्लेटवर, काही अजून साध्या फळीवर.