एसीई-२ ग्राही, पुनःसंयोजी मानवी

मानवी पेशीपटलावरील एसीई-२ या प्रथिनाचे जनुकीय तंत्राने तयार केलेले विद्राव्य रूप. मूळ प्रथिन ८०५ ॲमिनो अम्लांचे असून त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. लहान आतडे, मूत्रपिंड, हृदय व फुप्फुसे यांत ते आढळते. २००० मध्ये दोन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले. हे जस्तयुक्त विकर अँजिओटेन्सिन-२ चे विघटन करते. सार्सचा विषाणू पेशीत शिरताना यालाच चिकटतो, हे २००३ मध्ये कळले; कोविडचा विषाणूही यालाच चिकटतो.

निर्मिती : पटलात रुतलेला भाग वगळून बाहेरच्या भागाचे (साधारण ७४० व्या ॲमिनो अम्लापर्यंत) जनुक एचईके-२९३ या मानवी पेशींत घालतात. पेशींनी माध्यमात सोडलेले प्रथिन हिस्टिडीनच्या शेपटीच्या किंवा एफसी (प्रतिपिंडाचा एक भाग) जोडाच्या आधारे वेगळे करतात. मूळ प्रथिनावर शर्करासाखळ्यांच्या सात जागा आहेत. जीवाणूंत या साखळ्या चढत नाहीत, म्हणून जीवाणूंत बनवलेला ग्राही विषाणूशी होणारा बंध तपासायला विश्वासार्ह मानू नये. ९० व्या जागेवरील साखळी कोविडच्या विषाणूची पकड सैल करते असे दिसते. ३२२ व्या जागेबाबत निष्कर्ष जुळत नाहीत. ६१५ व्या ॲमिनो अम्लापाशी तोडलेले प्रथिन एकेरी राहते, तर ७४० पर्यंतचे जोडीने राहते. विषाणूशी होणाऱ्या बंधाची ताकद त्यानुसार बदलते. २०२० च्या शोधनिबंधांत ती सुमारे १ पासून ४० हून अधिक नॅनोमोलरपर्यंत दिलेली आढळते. मोजणीची पद्धत आणि प्रथिनाची लांबी ताडून पाहिल्याखेरीज या आकड्यांची तुलना करणे चूक ठरेल.

उपयोग : पुण्यात ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण आढळले. त्याच महिन्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या व्हेरो पेशींत विषाणू वाढवून वेगळा केला. लशीने तयार झालेली प्रतिपिंडे विषाणूला रोखतात का, हे पाहण्याची मूळ चाचणी अशा वेगळ्या केलेल्या जिवंत विषाणूवर होते. तिला तिसऱ्या स्तराची कडक जैवसुरक्षा लागते आणि काही दिवस जातात. त्याहूनही वरच्या, चौथ्या स्तराची प्रयोगशाळा या संस्थेच्या पाषाण येथील आवारात २०१२ पासून आहे, पण कडक जैवसुरक्षेची सोय जिल्ह्याजिल्ह्यात होऊ शकत नाही. पुनःसंयोजी ग्राहीचे मोल येथेच कळते. तबकडीवर ग्राही चिकटवून, विषाणूवरील स्पाइक प्रथिनाचा बंधक भाग व रुग्णाचा रक्तद्रव एकत्र करून घातला, की प्रतिपिंडे तो बंध रोखतात का हे एक-दोन तासांत दिसते आणि जिवंत विषाणू लागत नाही. सिंगापूरच्या संशोधकांनी ही पद्धत २०२० मध्ये मांडली. मात्र ती बंधक भाग अडवणारी प्रतिपिंडेच मोजते.

ग्राही मानवीच का, याचे उत्तर ३५३ व्या जागेत आहे. माणसात तेथे लायसीन, तर उंदरात हिस्टिडीन असते. मूळ विषाणू साध्या उंदराला नीट लागत नसे, याचे हे एक प्रमुख कारण. त्यामुळे अन्य प्राणी लागतात; कोव्हॅक्सिन या कोविड लशीच्या प्राणिचाचण्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने सिरियन हॅमस्टर व ऱ्हिसस माकडांवर केल्या.

औषधी वापर : विद्राव्य एसीई-२ च्या मानवी चाचण्या परदेशात झाल्या आहेत.

साठवण : उणे ८० अंश सेल्सिअस, वारंवार गोठवल्या-वितळवल्याने प्रथिन निकामी होते.